भरतीरेषेवरचे लव्हाळे

पर्यावरण अहवालांच्या शेवटी एक परिशिष्ट असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. प्रकल्पाच्या जागेवर कोणकोणत्या वनस्पती आढळल्या, त्याची ती यादी. वड, पिंपळ, सुबाभूळ, रेन ट्री ही मंडळी वर, झुडपं मधे आणि तळाशी ‘गवतवर्गीय’ नावाचा कप्पा. गेली बरीच वर्षं मी या कप्प्यावर पोट भरते. नाला रुंद करायचा असो, पूल बांधायचा असो की मलनिःसारण वाहिनी टाकायची असो, मी गमबूट चढवून चिखलात उतरते आणि तिथे काय उगवलंय ते लिहून आणते. राहायला कुर्ल्यात, नेहरूनगरला. त्यामुळे मिठी आणि तिला मिळणारे नाले कामाचेही आणि रोजच्या जाण्यायेण्याचेही.

माझ्याआधी या भागात झालेल्या कामांचे काही अहवाल मी चाळले आहेत. तळाच्या कप्प्यात बहुतेक ठिकाणी दोनच नोंदी सापडल्या: टायफा अँगस्टिफोलिया आणि ‘सायपरस, जाती अनिर्दिष्ट’. जागा कुर्ल्याची असो की मुलुंडची, नोंदी त्याच आणि क्रमही तोच. एका अहवालात तर शुद्धलेखनाची चूकही मागच्याचीच होती. यात आळस असतोच, पण तेवढंच कारण नाही. लव्हाळ्यांच्या वाट्याला जायला भलेभले वनस्पतिशास्त्रज्ञ कचरतात. फूल म्हणावं असं फूल नाही, रंग तपकिरी नाहीतर हिरवा, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन जाती दहा फुटांवरून जुळ्या दिसतात.

मुळात हे गवत नाही, इथून सुरुवात करावी लागते. काडी बोटांत धरून फिरवली की कळतं: गवताची काडी गोल, पोकळ आणि पेरं असलेली; लव्हाळ्याची बहुधा तिधारी, आतून भरलेली, पेरं नसलेली. पानं तीन बाजूंना निघतात. आपल्या सोसायटीच्या बागेतला मोथा घ्या, ज्याच्या काळ्या सुगंधी गाठी दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा म्हणून पडतात आणि ज्याला माळी उठताबसता शिव्या घालतो. तो याच घराण्यातला, सायपरस रोटंडस. पाणकणीस मात्र वेगळ्या कुळातलं. कुर्ला-चुनाभट्टी पट्ट्यात रुळांलगतच्या डबक्यांत माणसापेक्षा उंच वाढतं ते. त्याची तपकिरी कणसं रंग देऊन फुलदाणीत ठेवायला विकतात. युरोपातल्या पाणथळीच्या पुस्तकांत ज्यांची पानंच्या पानं भरलेली असतात ते जुंकस मला मुंबईत कामावर कधी भेटलेले नाहीत. इथे त्यांची जागा लव्हाळे आणि पाणकणीस चालवतात, आणि ओळखण्यातला गोंधळही तेच पुरवतात.

पाणकणसापासूनच सांगते. आपल्याकडच्या जुन्या याद्यांत त्याला सरसकट टायफा अँगस्टिफोलिया म्हटलेलं असतं. ती जाती थंड मुलखातली. मुंबईच्या नाल्यांत दिसते ती टायफा डोमिंजेन्सिस. जुन्या पुस्तकांत हिलाच टायफा अँगस्टाटा म्हणत. दुसरी शंका घ्यायची ती टायफा एलिफंटिनाची. दोन्ही उंच, दोन्हींच्या दांड्यावर वर नरकणीस, खाली मादीकणीस आणि मधे थोडा उघडा दांडा. फरक पाहायला दोन जागा आहेत. पानाचा आवेष्ट संपतो त्याच्या लगेच वर ब्लेडने आडवा काप घ्यायचा: एलिफंटिनाचा काप तिकोनी दिसतो, डोमिंजेन्सिसचा एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने किंचित फुगीर. दुसरी जागा परागांची. नरकणीस पिवळं झालं की ते काचपट्टीवर झटकायचं, पाण्याचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. डोमिंजेन्सिसचे पराग सुटेसुटे, एलिफंटिनाचे चार-चार चिकटलेले. हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं साधं उपकरण पुरतं. तरीही परागांवरून ठरवलेली जाती अहवालात लिहिली की समोरून विचारणा येते, ‘एवढं कशाला, मॅडम?’

कशाला, ते सांगायचं तर कुर्ल्याच्या भूगोलात शिरावं लागतं. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, कुर्ल्याला वळसा घालते आणि वांद्रे-कुर्ला संकुलाला लागून माहीमच्या खाडीत शिरते. लांबी सगळी मिळून अठरा किलोमीटरच्या आतबाहेर. संकुल ज्या जागेवर उभं आहे ती पूर्वीची दलदल आणि तिवरांची जमीन. 1977 मध्ये तिच्या विकासाचं काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आलं आणि पुढच्या काही दशकांत तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. भरतीचं पाणी मात्र अजून येतंच. खालून खारं पाणी चढतं, वरून नाल्यांचं गोडं, म्हणजे खरं सांडपाणी उतरतं, आणि दोन्ही कुठे मिसळतात ती जागा ऋतूप्रमाणे मागेपुढे सरकते.

या जागेला कायद्यात वजन आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेप्रमाणे खाडीत किंवा नदीत भरतीचा प्रभाव कुठवर धरायचा, ते पाण्याच्या क्षारतेवरून ठरतं: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात हजारी पाच भाग. त्याच्या आत बांधकामाचे नियम वेगळे, बाहेर वेगळे. ही मोजणी क्षारमापकाने होते, वनस्पतींवरून नाही, आणि तसंच असायला हवं. पण क्षारमापक बुडवला त्या घटकेचं पाणी सांगतो. लव्हाळा तिथे वर्षानुवर्षं मूळ धरून असतो. उन्हाळ्यातलं खारं, पावसातलं गोडं आणि मधलं सगळं त्याने सोसलेलं असतं.

म्हणून कोण उभं आहे हे महत्त्वाचं. खाडीकडून नाल्यात वर चढत गेलं की आधी तिवरं लागतात, मग मधेमधे काटेरी पानांची मारांडी. ती विरळ झाली की कडेच्या चिखलात गंजक्या रंगाच्या बोंडांचा एक बारका लव्हाळा दिसतो: फिम्ब्रिस्टायलिस फेरुजिनिया. गुडघ्याइतकी उंची, पानं जवळपास नाहीतच, टोकाला थोडी छोटी कणसं. भिंगातून पाहिलं तर कणसाच्या खवल्यांवर राखाडी लव असते. ही जाती खाऱ्या चिखलात रमते. याच घराण्यातले भातखाचरांतले भाऊबंद गोड्या पाण्याचे, आणि लांबून बघणाऱ्याला सगळेच ‘बारीक लव्हाळा’. नाव लिहिलं तर खाडी इथवर येते असा एक पुरावा नोंदला जातो. ‘जाती अनिर्दिष्ट’ लिहिलं की तो पुसला जातो.

पाणकणसाचं याच्या उलट. डोमिंजेन्सिसला सांडपाणीही चालतं आणि बऱ्यापैकी मचूळ पाणीही. त्यामुळे नाल्यात पाणकणीस माजलंय, म्हणजे पाणी गोडं आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तो निष्कर्ष सोयीचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

खाऱ्या-गोड्याचा खरा निवाडा करायला मला दोन उंच लव्हाळे मदत करतात. एक स्किनोप्लेक्टस लिटोरॅलिस, दुसरा बोल्बोस्किनस मॅरिटिमस. जुन्या पुस्तकांत दोघेही स्किर्पस. फुलावर आले की वेगळे करणं अवघड नाही: बोल्बोस्किनसच्या काडीवर पानं असतात आणि टोकाच्या जाड तपकिरी कणसांखाली पानांसारखी लांब छदं पसरतात; लिटोरॅलिसचं छद काडीच्या रेषेतच सरळ वर जातं, त्यामुळे कणसांचा घोस काडीच्या बाजूने फुटल्यासारखा वाटतो. पण बाजूने फुटल्यासारखा घोस असलेले लव्हाळे आणखीही आहेत. गोड्या तळ्यांत स्किनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा असतो, त्याच्या काडीत आडवे पडदे असतात आणि ती दाबली की ते बोटांना लागतात. अर्धवट वाळलेली, कणसं झडत आलेली काडी हातात आली की ही सगळी वरवरची लक्षणं कुचकामी ठरतात. मग दाणा उघडायचा.

हे काम मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर करते, ताटं उचलली गेल्यावर. वाळलेलं कणीस कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजत घालायचं. पंधरा-वीस मिनिटांत खवले मऊ होतात. मग सुईने खालून एकेक खवला मागे वळवायचा. प्रत्येक खवल्याच्या काखेत एक दाणा, आणि पिकलेल्या दाण्याच्या बुडाशी केस. फुलाच्या पाकळ्यांच्या जागी या कुळात एवढंच उरलेलं असतं. बोल्बोस्किनसचे केस खरखरीत, त्यांवर उलट्या दिशेचे बारीक काटे. नखाने टोकाकडून बुडाकडे ओढले तर सरकतात, उलट ओढले तर अडतात. लिटोरॅलिसचे केस चपटे, लालसर आणि दोन्ही कडांना पिसासारखी झालर असलेले. ही झालर एकदा भिंगाखाली पाहिली की पुन्हा कुठल्या पुस्तकाला विचारावं लागत नाही. मुलाने एकदा डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, ‘आई, हे नाल्यातलं?’

मला विचाराल तर या सगळ्या कुळात सर्वांत छळणारी जोडी खाऱ्या पाण्यातली नाहीच. सायपरस एक्झाल्टाटस आणि सायपरस अलोपेक्युरॉइडिस. दोघेही कंबरेच्या वर, गोड्या पाण्याच्या कडेला, डोक्यावर मोठी छत्री, छत्रीच्या काड्यांवर सोनेरी तपकिरी कणसांचे दाट झुपके. पानं सारखी, काडी सारखी. फरक दाण्यात, आणि दाणा राजगिऱ्यापेक्षाही लहान. एक्झाल्टाटसच्या बीजांडकोशावर किंजल्काच्या तीन शाखा असतात आणि दाणा तिधारी. अलोपेक्युरॉइडिसच्या शाखा दोन आणि दाणा चपटा. त्यातही तो चपटा दाणा कणसाच्या अक्षाला पाठ टेकून बसतो. याच दोन शाखावाल्यांत दुसरा एक गट आहे, ज्यात दाणा अक्षाकडे धार करून बसतो. एवढ्याशा बसण्यावरून पूर्वी वेगवेगळ्या प्रजाती मांडल्या होत्या, एक जुन्सेलस, दुसरी पिक्रिअस. अलीकडे डीएनएच्या अभ्यासानंतर सगळ्यांना परत सायपरसमध्ये घेतलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. नाव बदललं तरी दाणा बसायचा तसाच बसतो, आणि मी बघते तो दाणा.

हे बघण्याची रीत काही नवी नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींच्या ग्रंथात या कुळाची मांडणी केली ती सी. बी. क्लार्क यांनी, मूळचे गणिताचे माणूस. मुंबई इलाख्याची वनस्पतिसंपदा 1901 पासून भागाभागाने छापली ती थिओडोर कुक यांनी. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकीचे, प्राचार्य. आणि इलाख्यातल्या लव्हाळ्यांवर 1918 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिणारे एल. जे. सेजविक तर सनदी नोकर. पुढे 1921 ची मुंबई इलाख्याची जनगणना त्यांनीच केली. गणिती, इंजिनिअर, शिरगणतीवाला. लव्हाळ्यांकडे अशीच माणसं वळत असावीत, ज्यांना मोजण्याचा कंटाळा नाही. सेंट झेविअर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम 1906 चं. तिथले जुने नमुने पाहताना मला पहिल्यांदा कळलं की उंच लव्हाळा कागदावर बसवायला त्याच्या घड्या घालतात, तोडत नाहीत. मूळ एका कोपऱ्यात, कणीस दुसऱ्या, आणि मधली काडी दोनदा मोडून दुमडलेली.

मूळ हवंच. नवीन मुलं कामावर आली की वरचं सुंदर कणीस तेवढं खुडून आणतात. मी परत पाठवते. खाली गाठ आहे का, आडवं खोड किती जाड आहे, त्याला वास येतो का, यातलं काही कणसावरून कळत नाही. बोल्बोस्किनसच्या बुडाशी लाकडासारख्या कडक गाठी असतात. पाणी आटून चिखल तडकला, वरचं सगळं वाळून गेलं तरी त्या गाठी खाली असतात. याचा उपयोग मला दर वर्षी होतो. सर्वेक्षणाचं काम बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात मिळतं, कारण तेव्हा सगळं हिरवं असतं आणि यादी लांब होते. त्याच महिन्यांत पावसाचं पाणी खारेपण धुऊन नेतं आणि खाऱ्या चिखलावरसुद्धा गोड्या पाण्याचे हंगामी लव्हाळे उगवतात: सायपरस डिफॉर्मिस, गोल गेंद असलेला, आणि सायपरस इरिआ, ज्याची कणसं सुटी, पिवळसर, विसविशीत. दोघेही भातशेतीतलं तण. त्या दिवसांत कुर्ल्याचा नाला पाहिला तर कुणीही म्हणेल, इथे खाडीचा काय संबंध. कायदा मोजतो मे महिन्यातलं पाणी आणि यादी बनते ऑगस्टात. या दोन्हींना जोडणारं जे काही आहे ते चिखलाखाली, गाठीत. म्हणून फावडं न्यायचंच.

26 जुलै 2005 नंतर या कामात एक अडचण वाढली. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मिठी कुर्ल्यात घराघरांत शिरली, आणि नंतर नदी रुंद आणि खोल करण्याचं, काठाला संरक्षक भिंती बांधण्याचं काम सुरू झालं. माणसं वाहून गेलेल्या वस्तीत राहून भिंतीला विरोध करणं माझ्याच्याने होत नाही आणि मी केला नाही. पण भिंतीला उतार नसतो. तिवरांपासून पाणकणसापर्यंतची ती सगळी उतरंड उतारावरची. आता भिंतीच्या पायथ्याशी गाळ साचतो, त्या अरुंद पट्टीवर जे जगेल ते जगतं, आणि पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत मशीन येऊन तेही उपसून नेतं. सफाईच्या मुकादमाला एकदा विचारलं, तेवढा एक कोपरा ऑक्टोबरपर्यंत ठेवता येईल का. ‘ताई, मला गाळाच्या वजनावर पैसे मिळतात,’ तो म्हणाला, ‘आणि हे गवत भिजलं की भारी असतं.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याचं गणित चुकीचं नव्हतं.

या उतरंडीबद्दल कुणाला माझ्याहून जास्त माहिती असेल तर ती जुन्या रहिवाशांना. कुर्ला पश्चिमेच्या ईस्ट इंडियन वस्तीतल्या एका आजोबांनी मला लहानपणी कुठवर निवट्या पकडायला जायचे ते हात करून दाखवलं होतं. निवटी चिखलावर उड्या मारणारी, भरतीच्या पाण्याबरोबर येणारी. त्यांनी दाखवलेल्या जागेजवळच्या नाल्याच्या कडेला मला फेरुजिनियाचे थोडे झुबके सापडले, एका वर्कशॉपच्या मागे, ऑइलच्या रिकाम्या डब्यांमधून वर आलेले. हे मी अहवालात लिहू शकत नाही. निवट्यांची आठवण परिशिष्टात बसत नाही. पण झुबक्याचं अक्षांश-रेखांशासह नाव बसतं, आणि ते मी बसवलं.

हल्ली माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांचा भर मोबाइलवर. फोटो काढला की ॲप नाव देतं. झाडांच्या बाबतीत ते बरंच बरोबर असतं, मीही वापरते. लव्हाळ्याच्या बाबतीत मात्र ॲपला काडी आणि छत्री दिसते, दाणा दिसत नाही, आणि ते ठोकून देतं एक नाव. त्यातल्या एका मुलीने मला गमतीने विचारलं, तुकोबांच्या अभंगातला लव्हाळा नेमका कुठला? दाणा आण, मग सांगते, म्हटलं. ती हसली, पण त्या ऑक्टोबरात तिने आणलेल्या प्रत्येक नमुन्याला मूळ होतं आणि कणीस पिकलेलं होतं. वर्तमानपत्रात दाबताना कागद रोज बदलायचा, नाहीतर मुंबईच्या हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी, हेही ती न सांगता करायला लागली.

मागच्या कामात एका नाल्यावर एक स्किनोप्लेक्टस मिळाला, कणसं येण्याआधीच कापलेला. खारा की गोडा, हा सगळा प्रश्न त्याच्यावर अडला होता. काडी खाली गोल, वर तिधारी होत गेलेली, म्हणजे लिटोरॅलिसकडे झुकणारी. पण झालर पाहिल्याशिवाय मी ते नाव लिहीत नाही. अहवालाच्या साच्यात प्रजातीपुढचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. कंपनीतल्या मुलाने फोन केला, ‘मॅडम, काहीतरी टाका ना, नाहीतर सिस्टिम पुढे जात नाही. टायफा टाकू का?’ मी त्याला सांगितलं, रकान्यात लिही: ‘फळाअभावी अनिर्णित, ऑक्टोबरात फेरतपासणी आवश्यक’. तो म्हणाला, रकान्याला अक्षरांची मर्यादा आहे. मग आम्ही फोनवर बसून ते वाक्य मर्यादेत बसवलं. ‘आवश्यक’ गेलं, ‘फेरतपासणी’ राहिलं. ऑक्टोबरात जायचं आहे, नालेसफाईच्या मशीनने ठेवला असेल तर.